खरबुजाचा गोतावळा

नरकचतुर्दशीला पहाटेच्या अभ्यंगस्नानाच्या वेळी कोकणात आणि गोव्यात पायाच्या अंगठ्याने एक छोटे फळ फोडतात. हे कारिट. नरकासुराचा वध म्हणून ते चिरडायचे, त्याचा रस जिभेला लावायचा, तोंड वाकडे करायचे आणि मग फराळाकडे वळायचे. कुंपणावर आणि पडीक रानात आपोआप उगवणारा हा वेल खरबुजाच्या अगदी जवळच्या नात्यातला आहे. पाने खरखरीत आणि तशीच कोनदार, फूल तसेच पाच पाकळ्यांचे पिवळे. फळ आडवे कापले तर आतली मांडणीही तीच. साखर मात्र त्यात नाही, आणि कुकुर्बिटासिन नावाचे कडू द्रव्य ठासून भरलेले आहे. कडवटपणा हा या कुळाचा मूळ स्वभाव. कोवळे फळ जनावराने खाऊ नये म्हणून वेलाने केलेली ती सोय आहे.

हे प्रकरण गोड खरबुजांविषयी आहे, आणि तरीही त्याची सुरुवात कारिटापासून करावी लागते. कारण गोड खरबूज ही एका प्रचंड गोतावळ्यातली लहानशी, उशिरा पुढे आलेली शाखा आहे. बाजारात मान तिला, नाव तिचे. पण तिच्यावर संकट आले तेव्हा धावून आले ते तिचे आंबट, फिके आणि कडू भाऊबंद. ती हकिगत पुढे येईलच.

लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला कुकुमिस मेलो असे नाव दिले. काकडीही याच प्रजातीतली, कुकुमिस सटायव्हस. म्हणजे दोघी सख्ख्या वाटाव्यात इतक्या जवळच्या, पण काकडीच्या पेशीत गुणसूत्रे १४ आणि खरबुजाच्या पेशीत २४. दोघींचा संकर होत नाही. खरबुजाशेजारी काकडी लावली तर खरबूज पचपचीत निघते, ही बागायतदारांमधली जुनी समजूत त्यामुळे निराधार ठरते. काकडीचा पराग खरबुजाला लागूच पडत नाही. पचपचीतपणाचा दोष पावसाला, पाण्याच्या अतिरेकाला किंवा फळ तोडणाऱ्याच्या घाईला द्यावा. कलिंगड तर याहून दूरचे. त्याची प्रजाती वेगळी, गुणसूत्रे २२. बाजारात शेजारी बसते म्हणून ते भावंड मानले जाते, इतकेच.

आता उलट बाजू. जी फळे एकमेकांपासून अगदी वेगळी दिसतात, त्यांतली कितीतरी एकाच जातीची आहेत. हे नीट दाखवून दिले शार्ल नोदँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या वनस्पती उद्यानात त्याने देशोदेशींची बियाणी मागवली, वेल वाढवले आणि त्यांचे एकमेकांशी संकर केले. कोणाचाही संकर कोणाशीही जमत होता आणि पुढची पिढी वांझ निघत नव्हती. तोवर ज्यांना वेगवेगळ्या जाती मानून वेगवेगळी नावे दिली गेली होती ते सगळे वेल त्याने १८५९ साली एका जातीत आणून बसवले आणि त्या जातीचे दहा गट पाडले. डार्विनला हे काम इतके आवडले की पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पती यांवरच्या १८६८च्या ग्रंथात त्याने नोदँची निरीक्षणे सविस्तर दिली. आलुबुखाराएवढी फळे आणि ३० किलोपर्यंत भरणारी फळे एकाच जातीत. एक प्रकार बोटभर जाड आणि हातभराहून लांब, सापासारखा वळसे घेणारा. एक पिकला की अचानक फुटून खापा होणारा. पुढे या गटांची संख्या कमीजास्त होत राहिली. फ्रान्समधल्याच मिशेल पित्रा यांनी २०१६ साली केलेल्या मांडणीत ती १९ आहे. त्यांतले निम्म्याहून अधिक गट आपण जेवणानंतर फळ म्हणून खात नाही. त्यांची कोशिंबीर होते, भाजी होते, लोणचे होते, किंवा ते वाळवून डब्यात भरून ठेवले जातात.

आपल्याकडचीच यादी पाहा. उत्तरेतली लांब, हिरवी, नाजूक तर काकडी नावापुरती काकडी, प्रत्यक्षात खरबूज. राजस्थानातली काचरी, जी वाळवून आणि कुटून मांस मऊ करायला आणि भाजीला आंबटपणा आणायला वापरतात, ती खरबूज. उत्तर भारतातली फूट खरबूज. दख्खनच्या पठारावर बाजरीच्या शेतात वेल सोडलेले वाळूक खरबूज. विदर्भ-मराठवाड्यातले शेंदाड खरबूज (भित्र्या माणसाला शेंदाड शिपाई का म्हणतात, ते शेंदाड पिकल्यावर हातात धरून पाहिले की कळते). आणि कोकणातला चिबूड, तोही खरबूजच.

वेल जमिनीवर पसरतो, तणाव्यांनी आधार शोधतो आणि मुळे खोल सोडतो. त्यावर फुले येतात ती एका प्रकारची नसतात. बहुतेक लागवडीच्या खरबुजांत काही फुले निव्वळ नर असतात आणि काही द्विलिंगी. मुख्य वेलावर आधी नरफुलांची रांग लागते. फळ धरणारी द्विलिंगी फुले बाजूच्या फांद्यांवर, तीही पहिल्या एक-दोन पेरांशी येतात. शेंडा खुडण्याची पद्धत त्यातूनच आली. शेंडा गेला की बगलफांद्या लवकर फुटतात आणि फळे लवकर धरतात. कोणत्या फुलात काय ठेवायचे हे इथिलीन या वायुरूप संप्रेरकावर ठरते. ते बनवणारे एक जनुक शाबूत असेल तर मादीफुलातल्या पुंकेसरांची वाढ थांबते. बिघडलेले असेल तर पुंकेसर टिकतात आणि फूल द्विलिंगी होते. २००८ साली हे जनुक सापडले. फळे पिकवणारे संप्रेरक म्हणून आपण ज्याला ओळखतो, तेच इथे फुलाचे लिंग ठरवते.

फूल द्विलिंगी असले तरी काम आपोआप होत नाही. पराग जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाही. सकाळी उमललेले फूल त्याच दिवशी मावळते, तेवढ्या वेळात मधमाशी यायलाच हवी, आणि एकदा येऊन भागत नाही. एका फळात चारशे-पाचशे बिया असतात आणि प्रत्येक बी म्हणजे स्वतंत्रपणे पोहोचलेला एक परागकण. माश्यांच्या फेऱ्या कमी पडल्या तर फळ लहान राहते, वाकडे होते किंवा गळून जाते. फुलोऱ्यात सकाळी सकाळी कीटकनाशक मारणारा शेतकरी आपल्याच फळांचा आकार कमी करत असतो.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने खरबूज हे बोराएवढ्या द्राक्षाच्या पंगतीतले फळ, म्हणजे मऊ गराचे मृदुफळ. साल कडक झाल्यामुळे त्याला वेगळे नाव दिले आहे, इतकेच. पण आपण त्याचा नेमका कोणता भाग खातो? कलिंगड कापले की बिया गरात विखुरलेल्या दिसतात, कारण तिथे आपण बिया ज्यावर धरतात तो भाग, म्हणजे बीजाधानी, खात असतो. खरबुजात खातो ती अंडाशयाची भिंत. बीजाधानी मधोमध ओल्या धाग्यांच्या गुंत्यासारखी राहते आणि बियांसकट चमच्याने काढून टाकली जाते. खरबूज मधे पोकळ आणि कलिंगड भरीव असते ते यामुळे. त्या टाकलेल्या बिया धुऊन, वाळवून, सोलल्या की मगज तयार होतो. थंडाईत वाटतात तो.

सालीवरच्या जाळीचेही असेच. ती नक्षी म्हणजे भरून आलेल्या जखमा आहेत. परागणानंतर दोन-तीन आठवड्यांनी आतला गर झपाट्याने फुगतो, वरच्या सालीला तो वेग झेपत नाही, ती बारीक बारीक तडकते आणि प्रत्येक तड्यावर वेल बुचासारख्या पेशींचा थर चढवतो. जपानमध्ये शिझुओकाच्या काचघरांत खरबूज पिकवणारे लोक एका वेलावर एकच फळ ठेवतात आणि पाणी असे मोजून देतात की तडे सगळीकडे सारखे पडावेत. ही जाळी सुंदर असली तरी तिच्या खाचांत जंतू लपतात. अमेरिकेत २०११ साली लिस्टेरियाने दूषित खरबुजे खाऊन तीसहून अधिक माणसे दगावली. साल खायची नाही म्हणून फळ न धुता सुरी चालवणे बरे नव्हे, कारण सुरी सालीवरून गरात जाते.

आता गोडीकडे. आंबा किंवा केळे कच्चे तोडून अढी घातली तर गोड होते, कारण त्यात पिठूळ साठा असतो आणि पिकताना त्याची साखर होते. खरबुजात असा साठा जवळजवळ नसतो. त्याची साखर रोजच्या रोज पानांकडून येते, आणि ती येते ती शेवटच्या दिवसांत. फळ लहान असताना त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज थोडेसे असते. येणारी साखर तोडणारे एक विकर तेव्हा जोरात असते आणि ती वाढीवर खर्च होते. फळ पुरेसे वाढले की ते विकर मंदावते, साखर जोडणारे दुसरे विकर वरचढ होते आणि उसात असते तीच साखर, सुक्रोज, गरात साठू लागते. हे सारे तोडणीच्या आधीच्या दहा-पंधरा दिवसांत होते. म्हणून चार दिवस आधी तोडलेले खरबूज चार दिवस घरी ठेवल्याने गोड होत नाही. मऊ होते, वास येतो, आणि मग अपेक्षाभंग होतो. शेवटच्या पंधरवड्यात भुरी पडून पाने वाळली तर फळ आकाराने पूर्ण वाढूनही फिके राहते, आणि त्याच पंधरवड्यात पाऊस झाला तरी तेच.

सुगंध हा वेगळाच कारभार आहे. तो इथिलीनच्या हुकमतीत. तुलूझच्या शास्त्रज्ञांनी १९९६ साली शारांतेस या सुवासिक फ्रेंच खरबुजात इथिलीन बनवणारे जनुक दाबून टाकले आणि काय होते ते पाहिले. गर केशरी झाला, साखर भरत राहिली, पण साल हिरवीच राहिली, फळ देठापासून सुटेना आणि वासाचे द्रव्य फारच कमी तयार झाले. गोडी आणि सुगंध यांचा एकमेकांशी बांधलेला संबंध नाही, हे या प्रयोगातून स्पष्ट दिसले. दूरच्या बाजारासाठी निवडलेले टिकाऊ खरबूज गोड असूनही मुके का लागते, त्याचे उत्तर इथे आहे. टिकाऊपणासाठी इथिलीन कमी असलेले वाण निवडले की सुगंधही त्याच्याबरोबर जातो. माझ्या मते हा सौदा महागात पडला आहे, पण ट्रकने हजार किलोमीटर जाणाऱ्या फळाला तो टाळता येत नाही हेही खरे.

देठापासून सुटण्याविषयी थोडे. जाळीदार आणि सुवासिक खरबुजे पूर्ण पिकली की देठ आणि फळ यांच्यामध्ये पेशींचा एक थर विरघळतो. आधी बारीक भेग दिसते, मग नुसत्या बोटाच्या दाबाने फळ वेगळे होते आणि देठाच्या जागी स्वच्छ, गोल, खोलगट खूण राहते. बाजारात खरबूज घेताना ही खूण पाहावी. देठाचा तुकडा चिकटलेला किंवा कात्रीने कापलेला दिसला तर फळ ओढून आणलेले आहे, निदान या प्रकारांत तरी. मृत्युंजय मंत्रातली उपमा आपल्याला पाठ असते. मृत्यूच्या बंधनातून कसे सुटावे, तर देठापासून सुटणाऱ्या उर्वारुकासारखे. उर्वारुक म्हणजे काकडी असे सहसा सांगितले जाते. पण काकडी पिकून पिवळी झाली तरी वेलाला धरून राहते, ओढल्याशिवाय येत नाही. आपण होऊन अलगद सुटण्याचा गुण खरबुजाचा. ज्याने ही उपमा रचली त्याच्या डोळ्यांसमोर कुठले तरी भारतीय खरबूज असणार असे मला वाटते, आणि शेतात वाळूक पिकताना पाहिलेल्या कोणालाही ते पटावे.

खरबुजाचे मूळ आफ्रिकेत असे फार काळ मानले जात होते, कारण तिथे कुकुमिसच्या जंगली जाती पुष्कळ आहेत. २०१० साली डीएनएच्या अभ्यासाने चित्र पालटले. खरबुजाचा सर्वांत जवळचा जंगली भाऊ ऑस्ट्रेलियात निघाला आणि खरबूज-काकडीची फांदी आशियातली ठरली. २०१९ साली जगभरातल्या अकराशेहून अधिक नमुन्यांची जनुकीय छाननी झाली. तिचा निष्कर्ष असा की माणसाने खरबूज तीनदा स्वतंत्रपणे लागवडीत आणले, एकदा आफ्रिकेत आणि दोनदा भारतात. प्रत्येक वेळी पहिले काम एकच होते, कडवटपणा घालवण्याचे. गोडी आणणे हे फार पुढचे काम होते, आणि ते झाले भारताच्या वायव्येला, खोरासान आणि मध्य आशियाच्या कोरड्या खोऱ्यांत.

तिथेच का? पावसाविना कोरडा उन्हाळा, दिवसा कडक ऊन, रात्री गारवा आणि डोंगरावरच्या बर्फाचे पाटाने येणारे पाणी. पाने निरोगी राहतात, दिवसभर साखर बनते आणि गार रात्री ती श्वसनात कमी खर्च होते. प्राचीन इजिप्त, ग्रीस आणि रोम यांना जे खरबूज माहीत होते ते लांबट, लवदार, काकडीसारखे कच्चे खायचे. हॅरी पॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या ग्रंथांची छाननी करून दाखवले आहे की खरोखर गोड खरबुजांची वर्णने नवव्या शतकाच्या मध्यापासून खोरासान आणि इराणमधून मिळू लागतात आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस ती स्पेनमधल्या अंदालुसियात पोहोचतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता ख्वारिझमला गेला तेव्हा तिथली खरबुजे खाऊन तो थक्क झाला. ती कापून उन्हात वाळवतात आणि भारत-चीनपर्यंत पाठवतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. उझबेकिस्तानात आजही हिवाळी खरबुजे बोरूच्या दोऱ्यांत बांधून खास खोल्यांत टांगतात आणि बर्फ पडत असताना खातात. तुर्कमेनिस्तानात तर ऑगस्टचा दुसरा रविवार हा खरबुजांचा राष्ट्रीय सण आहे.

त्या मुलखातून आलेल्या बाबराला हिंदुस्थान कसा वाटला असेल याची कल्पना करता येते. आपल्या आठवणींत त्याने इथल्या उणिवांची जी लांबलचक यादी दिली आहे, तीत चांगले घोडे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, याबरोबरच द्राक्षे आणि खरबुजे नाहीत अशी तक्रार आहे. फरगण्यातल्या अख्सीच्या खरबुजांना तो जगात जोड नाही असे मानत असे. १५२९ साली काबूलला असलेल्या ख्वाजा कलान या जुन्या सोबत्याला लिहिलेल्या पत्रात, कोणी आणलेले एक खरबूज कापून खाताना आपल्याला रडू आवरेना, असे त्याने कबूल केले. पानिपत जिंकलेला माणूस. पण तो रडत बसणारा नव्हता. बल्खहून आलेल्या माळ्याकडून त्याने आग्र्याच्या बागेत खरबुजे लावून घेतली, आणि ती लहान पण चांगली निघाली तेव्हा त्याचे समाधान झाले. अकबराच्या काळापर्यंत हंगामाप्रमाणे काश्मीर, काबूल आणि बदख्शानहून खरबुजे दरबारात येत, याची नोंद ऐन-ए-अकबरीत आहे. यमुनेच्या आणि गंगेच्या वाळूत पिकणारी बागपत, लखनौ, जौनपूरकडची खरबुजे या मध्य आशियाई पाहुण्यांच्या आणि इथल्या स्थानिक वेलांच्या मिसळणीतून आली असावीत, हे त्यांच्या पातळ सालीवरून आणि भरपूर वासावरून सहज वाटते.

बाबराने न पाहिलेली गोष्ट अशी की खरबुजांचे सर्वाधिक वैविध्य ज्या देशात आहे, त्याच देशाला खरबुजे नाहीत असे तो म्हणत होता. गोड तेच खरबूज, हा त्याचा निकष होता. आपलाही तोच आहे.

युरोपने गोड खरबूज घेतले आणि त्याला वेगवेगळी वळणे दिली. रोमजवळच्या कान्तालुपो या पोपच्या मळ्यावरून कॅंटालूप हे नाव पडले. ती खरबुजे जाळीदार नव्हती, फोडीफोडींची आणि खडबडीत सालीची होती. अमेरिकेत मात्र हेच नाव जाळीदार खरबुजाला चिकटले आणि तो गोंधळ कायमचा झाला. फ्रान्समध्ये कॅव्हायों गावाच्या वाचनालयाने १८६४ साली अलेक्झांडर द्यूमाकडे त्याची पुस्तके मागितली, तेव्हा त्याने बदल्यात दरवर्षी १२ खरबुजे मागितली. गावाने ठराव करून ती दिली. साहित्यिकांना मानधन कसे द्यावे याचा याहून चवदार दाखला मला माहीत नाही. स्पेनची बेडकाच्या कातडीसारखी हिरवी, लांबट खरबुजे आणि गुळगुळीत पांढरट हनीड्यू ही हिवाळी गटातली. त्यांना वास बेताचा, पण ती महिनोन्‌महिने टिकतात. हनीड्यूचा प्रवास मजेदार आहे. अमेरिकेचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस १९४४ साली चीनला गेले तेव्हा त्यांनी हे बी सोबत नेले. लानचौ परिसरात ते इतके रुजले की तिथे हे फळ अनेक वर्षे वॉलेसच्याच नावाने ओळखले गेले. इस्रायलमध्ये १९७०च्या दशकात त्झ्वी कार्ची यांनी तयार केलेला गालिया हा संकर हिरव्या गराचा आणि पिवळ्या जाळीदार सालीचा आहे. त्याला त्यांनी आपल्या मुलीचे नाव दिले. जपानमध्ये होक्काइदोतल्या युबारी गावच्या खरबुजांची एक जोडी २०१९च्या लिलावात ५० लाख येनला गेली. युबारी हे खाणी बंद पडून दिवाळखोरीत गेलेले गाव. त्याची ही खटपट समजू शकते, पण ते फळ खाण्यासाठी विकत घेतले असेल यावर माझा विश्वास नाही.

केशरी गराचे खरबूज आणि हिरव्या-पांढऱ्या गराचे खरबूज यांतला फरक मोठा वाटतो. केशरीत बीटा कॅरोटीन असते, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. दुसऱ्यात ते नगण्य. प्रत्यक्षात एका जनुकातले एकच अक्षर बदलल्याने हा फरक पडतो, असे २०१५ साली इस्रायली शास्त्रज्ञांनी दाखवले. आंबटपणाचाही असाच एका जनुकावरचा खेळ आहे. फूट आणि काचरीत ते जनुक चालू असते, गोड खरबुजांत त्याचा जोर गेलेला असतो.

आता ती संकटाची हकिगत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यात वाळवंटात कालव्याचे पाणी आले आणि हजारो एकरांवर खरबूज लागले. रेल्वेच्या बर्फाच्या डब्यांतून ते न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागले. १९२०च्या दशकाच्या मध्यात तिथे भुरी आली. पानांवर पांढरी पूड, मग पान वाळते, मग फळावर ऊन लागते आणि ते फिके राहते. गंधकाची भुकटी मारावी तर खरबुजाची पाने गंधकानेच जळतात. जवळचे एकही वाण भुरीला दाद देईना. तेव्हा इतर देशांतून आलेली बियाणी लावून पाहिली गेली आणि भारतातून आलेल्या एका खरबुजाची पाने हिरवीच राहिली. फळ खाण्यालायक नव्हते. आयव्हन जॅगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचा संकर अमेरिकन गोड खरबुजाशी केला, पुन्हा पुन्हा गोड बाजूकडे वळवला आणि १९३६ साली पीएमआर ४५ हे वाण दिले. नावात कविता नव्हती, भुरीरोधक खरबूज एवढाच अर्थ. पण त्याने त्या खोऱ्याची शेती वाचवली.

काही वर्षांतच भुरीच्या बुरशीने नवा वंश काढला आणि पीएमआर ४५ तिच्यापुढे टिकेना. मग पुन्हा भारतीय बियाण्याकडेच जावे लागले आणि त्यातून पीएमआर ५, ६ आणि ७ आली. पुढच्या दशकांत केवडा, मावा आणि विषाणू यांच्याशी लढण्यासाठी जगभरच्या पैदासकारांनी जे पूर्वज वापरले त्यांत भारतातल्या, विशेषतः फुटीच्या गटातल्या, वेलांचे नाव सारखे येते. कारण उघड आहे. हे वेल मोसमी पावसात, चिंब हवेत, बुरशा आणि किडींच्या गर्दीत शतकानुशतके वाढले. मध्य आशियातल्या कोरड्या हवेत लाडात वाढलेल्या गोड शाखेला ती कसरत कधी करावीच लागली नव्हती.

या गोष्टीला एक पुढचा भाग आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने बागपतकडच्या कुताना या स्थानिक खरबुजाचा संकर अमेरिकेतून आलेल्या रेझिस्टंट नंबर ६शी, म्हणजे पीएमआर ६शी, केला आणि पुसा शरबती हे वाण काढले. जाळीदार साल, केशरी घट्ट गर, लवकर येणारे. इथून गेलेला रोगप्रतिकार अमेरिकन गोडी घेऊन परत आला. त्याच कुताना खरबुजातून निवड करून पंजाबात हरा मधू आले, हिरव्या गराचे आणि फार गोड. हरा मधूच्या पोटी पंजाब सुनहरी आले. बंगळूरच्या बागायत संस्थेने अर्का जीत आणि अर्का राजहंस दिले, जयपूरच्या दुर्गापुरा संशोधन केंद्राने दुर्गापुरा मधू दिले.

महाराष्ट्रात खरबूज पूर्वी नदीचे पीक होते. विदर्भात त्याला डांगर म्हणतात आणि वैनगंगा-वर्धेच्या पात्रातल्या त्या मळ्यांना डांगरवाडी. पूर ओसरला की ढीवर-भोई कुटुंबे वाळूत चर खणत, ओल लागेपर्यंत खाली जात, शेणखत भरून बी टोकत आणि वाऱ्याने वाळू उडून रोपे गाडली जाऊ नयेत म्हणून गवताचे आडोसे लावत. पाणी फारसे द्यावे लागत नसे, मुळेच ओलीपर्यंत पोहोचत. धरणे झाली, वाळूचे उपसे सुरू झाले, पात्रांचे रूप बदलले आणि या वाड्या कमी होत गेल्या. आता खरबूज दिसते ते गादीवाफ्यावर, मल्चिंग पेपर आणि ठिबकखाली. सुरुवातीचे काही आठवडे वर पांढरे क्रॉप कव्हर, फुले आली की मधमाश्यांसाठी ते काढायचे. बी संकरित आणि महाग, नग मोजून लावतात. कुंदन, बॉबी ही नावे तालुक्याच्या बाजारात कुणालाही माहीत असतात. साधारण दोन-अडीच महिन्यांत पीक हातात येते आणि रमजान उन्हाळ्यात आला तर भाव चढतो.

चिबडाचे सगळेच उलटे. तो पावसाळी. कोकणात आणि गोव्यात डोंगरउतारावर आणि कातळाकडेच्या मातीत पहिल्या पावसाबरोबर बी टोकतात. फळ गणपतीच्या सुमारास पिकते, गोव्यात गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला टांगले जाते आणि घरात गूळ घालून, नारळाच्या रसात कालवून, कधी पोह्यांबरोबर खाल्ले जाते. गर पिठूळ, स्वतःची गोडी थोडी, वास मात्र घरभर. पिकले की फुटते, म्हणून टोपलीतून बाजारापर्यंत जाणेच त्याला जड, मुंबईची गोष्ट दूर. कुठल्याही बियाणे कंपनीच्या यादीत त्याला फारसे स्थान नाही. बी घरचेच असते, राख लावून ठेवलेले.

जात एकच असल्यामुळे चिबूड आणि कुंदन शेजारी फुलले तर मधमाशी दोघांची सरमिसळ करून टाकील. बीजोत्पादनाच्या शेतात दोन वाणांमध्ये निदान अर्धा किलोमीटर अंतर राखावे लागते ते यासाठीच. कोकणातल्या लहान परसांत इतके अंतर कोण ठेवणार? पण संकरित खरबूज माघ-फाल्गुनात फुलते आणि चिबूड आषाढ-श्रावणात. दोघांची फुले एकाच वेळी उघडी नसतात, आणि सध्या तरी चिबडाचे बी एवढ्यामुळे शुद्ध राहिले आहे.